काकडीला फळ धरत नाहीये, मधमाश्याच गायब झाल्यात. काय करता येईल?

गच्चीवरची_बाग

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतीच वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

गच्चीवर तीसेक कुंड्या आणि चार मोठे ड्रम आहेत. काकडी, दुधी, वांगी, टोमॅटो, मिरची आणि थोडी फुलझाडं. मागच्या हंगामात काकड्या वाटून वाटून दमलो होतो, यंदा वेल नुसता फोफावलाय, फुलं पण भरपूर, पण फुलामागे ती बोटाच्या पेराएवढी काकडी असते ना, ती दोन-चार दिवसांत पिवळी पडते आणि गळून जाते. खत बदललं, पाणी कमी-जास्त करून बघितलं, ढिम्म फरक नाही. दुधीचं पण तेच. मग परवा सकाळी तासभर वेलापाशीच ठाण मांडून बसले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, अख्ख्या तासात एक मधमाशी फिरकली नाही. एकसुद्धा!

आता कारण मला माहितीये. मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीखाली पोळं होतं, कुणालातरी एक माशी चावली आणि लगेच पेस्ट कंट्रोलवाल्यांना फोन गेला. ते लोक भर दुपारी येऊन फवारून गेले. संध्याकाळी मी वर गेले तर पाय ठेवायला जागा नाही, सगळीकडे मेलेल्या माश्या, काही अजून जिवंत होत्या त्या उलट्या पडून जागच्या जागी गरगर फिरत होत्या. मीच झाडून काढल्या, दोन सुपल्या भरल्या. आणि बिचाऱ्या पायांना पिवळे पराग लागलेल्या अवस्थेत मेल्या होत्या, म्हणजे कामावरून परत येत होत्या. ते काही डोळ्यासमोरून जात नाहीये.

तर विचारायचंय असं की, आत्ता या हंगामापुरतं काही करता येईल का, मधमाश्या परत आणायच्या तर काय लावू, आमच्या ह्यांनी एक व्हिडिओ बघितलाय आणि ते म्हणतायत की मधमाश्यांची पेटीच आणून ठेवू, ती ठेवावी का, आणि सगळ्यात अवघड म्हणजे सोसायटीतल्या लोकांना कसं समजवायचं. एका घरातल्या मुलाला ॲलर्जी आहे, त्यामुळे मी मधमाशी हा शब्द काढला तरी लोक वैतागतात.

मातीतलेहात

ताई, पोळ्याचं वाचून वाईट वाटलं. पण आधी वेलाचं बघू, कारण ते आजच्या आज सुटण्यासारखं आहे.

काकडीच्या वेलाला नर आणि मादी फुलं वेगवेगळी असतात. मागे छोटी काकडी दिसते ती मादी, नुसत्या बारीक देठावर उभं असतं ते नर. तुमची मादी फुलं येऊन गळतायत म्हणजे परागच पोचत नाहीयेत, निदान तुमचं बरोबर आहे. आता मधमाशीचं काम तुम्ही करायचं. सकाळी, ऊन चढायच्या आत, ताजं उमललेलं नर फूल तोडा, पाकळ्या काढून टाका, मध्ये जो पिवळा दांडा राहतो तो मादी फुलाच्या मध्यभागी हलक्या हाताने फिरवा. घासू नका, टेकवत टेकवत फिरवा. एका नर फुलात दोन-तीन मादी फुलं होतात. फूल एकच दिवस कामाचं असतं, दुपारनंतर गेलात तर उपयोग नाही. आणि काकडी एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला शेपटीसारखी बारीक झाली तर समजायचं की पराग पोचले पण अर्धवट पोचले, सगळ्या बिया धरल्या नाहीत. मधमाश्या असतात तेव्हा एकेका फुलावर कितीतरी फेऱ्या होतात, आपण एकदा नर फूल फिरवून मोकळे होतो.

आता दुधी. इथे तुमची गंमत झालीये. दुधीचं फूल सकाळचं नाहीच! त्याचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं आणि रात्रीतून पतंग येऊन त्याचं काम करून जातात. सकाळी तुम्ही बघता तेव्हा ते कोमेजायला लागलेलं असतं, तिथे मधमाशीची वाट बघून काय होणार. दोडक्याचं फूलही संध्याकाळकडे उमलतं, घोसाळ्याचं मात्र पहाटे-सकाळी, आहेत दोघं सख्खे भाऊ पण वेळापत्रक वेगळं. तर दुधीला हाताने पराग लावायचे तर दिवेलागणीला टॉर्च घेऊन जा.

एक विचारतो, गच्चीवर रात्रभर मोठा दिवा चालू असतो का?

गच्चीवरची_बाग

हो काका!! टाकीपाशी एलईडीचा फोकस आहे, सुरक्षेसाठी म्हणून लावलाय, रात्रभर जळतो. आणि त्याच्याभोवती पतंग घिरट्या घालत असतात, सकाळी खाली मेलेले पण सापडतात. त्याचा आणि दुधीचा काही संबंध असेल असं स्वप्नात पण आलं नव्हतं.

मातीतलेहात

मग झालं तर. पतंग दिव्यापाशी अडकले की फुलांकडे कोण जाणार. दिवा बंद करायला लोक तयार नसतील तर हालचाल झाल्यावरच लागणारा सेन्सर बसवा, नाहीतर निदान तोंड खाली करा आणि पिवळसर बल्ब लावा, पांढऱ्या-निळ्या उजेडाकडे किडे जास्त ओढले जातात. लोकांना वीजबिल वाचतंय म्हणून सांगा, पतंगांचं नाव काढू नका :)

वांगी-टोमॅटोचं राहिलं. त्यांच्या फुलात नर-मादी एकाच ठिकाणी असतात, पण पराग एका नळीसारख्या पिशवीत कोंडलेले असतात, मिठाच्या डबीला वर बारीक भोकं असावीत तसं. ती हलवल्याशिवाय पराग पडत नाहीत. भुंगा काय करतो, फुलाला मिठी मारतो आणि पंख न हलवता नुसते अंगातले स्नायू थरथरवतो, आवाज एकदम बदलतो, उडतानाची घूंऽऽ वेगळी आणि ही बारीक झिंऽऽ वेगळी, कान देऊन ऐकलंत तर कळेल. पराग भसकन त्याच्या पोटावर सांडतात. आपली पोळंवाली मधमाशी हे करू शकत नाही. म्हणजे उद्या तुमच्याकडे दहा पोळी लागली तरी वांग्याला भुंगाच पाहिजे. तोपर्यंत फुलाच्या देठाला टिचकी मारा किंवा जुना इलेक्ट्रिक टूथब्रश चालू करून देठाला टेकवा.

नुसतंच_बघतो

अहो एवढं कशाला, डबल झेंडू, पिटुनिया, गुलाब लावा ढीगभर, आणि एका बशीत मध ठेवा. माश्या धावत येतील. आमच्याकडे बाग रंगीबेरंगी आहे एकदम.

कुंडीतलं_जग

रंगीबेरंगी आहे पण माश्या किती येतात ते पण सांगा की दादा :)

मध बाहेर ठेवू नका कृपा करून, हे मी हात जोडून सांगतेय. बाजारातला मध कुठल्या कुठल्या पोळ्यांतला एकत्र केलेला असतो आणि त्यात अळ्या कुजवणाऱ्या रोगाचे जिवाणू सुप्त अवस्थेत असू शकतात. माणसाला त्याचं काही होत नाही, पण माशी तो मध पोळ्यात घेऊन गेली की तिकडच्या पिल्लावळीत रोग शिरू शकतो. शिवाय उघड्या मधावर लांबलांबच्या माश्या, गांधीलमाश्या, मुंग्या सगळे तुटून पडतात आणि मारामाऱ्या होतात. जमिनीवर दमून बसलेली एखादी माशी दिसली तर साखरपाण्याचे दोन थेंब चमच्यात घेऊन तिच्या तोंडापुढे धरा, तेवढं ठीक आहे, रोज खानावळ चालवायची नाही.

आणि डबल फुलांचं म्हणाल तर ती आपल्या डोळ्यांसाठी. डबल म्हणजे काय, फुलातले पुंकेसर होते त्यांच्याच पाकळ्या करून टाकल्यात. पराग नाहीत नाहीतर अगदी कमी, मकरंद असला तरी पाकळ्यांच्या गर्दीत सापडत नाही. माशी येते, दोनदा फिरते, निघून जाते. एकेरी झेंडू लावा, मधली पिवळी चकती उघडी दिसली पाहिजे. कॉसमॉस, झिनिया एकेरी, सूर्यफूल (पराग नसलेली जात येते ती नको).

पण ताई माझं ऐकाल तर काही नवीन आणूच नका आधी. जे आहे ते फुलू द्या. तुळशीच्या मंजिऱ्या आपण खुडून टाकतो, एका रोपाच्या ठेवा आणि सकाळी दहाच्या सुमाराला तिथे उभ्या राहून बघा काय जत्रा भरते ती. सब्जा, पुदिना तसंच. कोथिंबीर फुलावर आली की लोक उपटून टाकतात, तिची ती पांढरी छत्री छोट्या माश्यांसाठी सोन्यासारखी आहे, बडीशेप, शेपू, मुळा, मोहरी यांचंही तेच. आणि एकेक रोप इकडेतिकडे विखरू नका, एका जातीची चार-पाच रोपं जवळजवळ ठेवा, कारण मधमाशी एका फेरीत शक्यतो एकाच जातीच्या फुलांवर जाते, तिला दुकान एका ठिकाणी लागतं. लाल रंग तिला दिसत नाही, निळं, जांभळं, पिवळं, पांढरं चांगलं दिसतं. लाल जास्वंदीवर शिंजीर पक्षी येईल, तो पण आपलाच माणूस.

पाण्याचं विसरू नका. पसरट मातीची थाळी, त्यात खडे आणि गोट्या, पाणी खड्यांच्या खाली, म्हणजे बसायला कोरडी जागा राहते. नुसतं पाणी ठेवलंत तर बुडून मरतात. एक दिवसाआड पाणी ओतून नवीन भरायचं, नाहीतर माश्यांऐवजी डास पाळाल आणि मग सोसायटी तुम्हालाच फवारेल.

उन्हाळवारा

पेटीबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. थोडं कडू लागेल.

पेटी आणू नका. निदान या कारणासाठी तर नकोच.

जगात मधमाश्यांच्या वीस हजारांहून जास्त जाती आहेत. त्यातल्या मध साठवून मोठं कुटुंब करून राहणाऱ्या आपल्या ओळखीच्या जाती अगदी मोजक्या, आग्या, सातेरी, फुलोरी आणि पेटीतली युरोपियन वगैरे. बाकी बहुतेक सगळ्या एकट्या राहणाऱ्या. एकच आई, ती स्वतःच बीळ खणते किंवा पोकळ काडी शोधते, स्वतःच पराग आणते, अंडं घालते, तोंड बंद करते आणि मरते. पिल्लाची आणि तिची भेट नाही. मध नाही, पोळं नाही, राणी नाही, म्हणून आपल्या लेखी त्या नाहीतच. ताई म्हणतात एकही मधमाशी आली नाही, मला खात्री आहे की काहीतरी आलं असणार, पण ते तांदळाच्या दाण्याएवढं काळं किंवा हिरवट चमकणारं असेल आणि चिलट समजून सोडून दिलं असेल.

आता पेटी आणली की काय होतं, एका झटक्यात हजारो तोंडं खायला आली. गच्चीवर तीस कुंड्या. पेटीतली माशी चारा शोधत दोन-तीन किलोमीटर आरामात जाते, पण त्या छोट्या एकट्या माशीची धाव काहीशे मीटरच असते, तिला तुमच्या गच्चीशिवाय पर्याय नाही आणि तिथेच तुम्ही गर्दी करून ठेवली. शिवाय पेटीतले रोग आणि माइट (माश्यांवर जगणारे बारीक परजीवी), ते सांभाळायचं शिक्षण लागतं, वेळ लागतो, आणि ज्या सोसायटीत एका पोळ्यावर विष मारलं तिथे पेटी ठेवून तुम्ही काय करणार आहात? दुसऱ्यांदा सुपली भरणार? रोग रेड्याला आणि औषध पखालीला असा प्रकार आहे हा. मधमाश्या कमी नव्हत्या, त्या मारल्या. मारणं थांबलं की येतात.

मध हवा असेल, शिकून करायचं असेल तर जरूर करा, तो चांगला उद्योग आहे, पण त्याला पर्यावरण वाचवणं म्हणू नका.

आणि एक, २० मे ला जागतिक मधमाशी दिन असतो, संयुक्त राष्ट्रांनी २०१७ मध्ये ठरवला आणि २०१८ पासून साजरा होतो. त्या दिवशी लोक रोपं वाटून फोटो काढतात आणि ती रोपं नर्सरीत कशात बुडवून आणलीत ते कुणी विचारत नाही. इमिडाक्लोप्रिडसारखी कीटकनाशक औषधं झाडाच्या अंगात भिनतात, मुळापासून शेंड्यापर्यंत, पराग आणि मकरंदात सुद्धा उतरतात. युरोपियन युनियनने २०१८ मध्ये त्या गटातल्या तीन औषधांचा उघड्या शेतातला वापर बंद केला तो याच कारणाने. तर फुलझाड विकत घेताना विचारा, उत्तर नाही मिळालं तर बी आणून लावा.

कुंडीतलं_जग

@उन्हाळवारा मुद्दा पटला पण जरा हळू हो, ताई पहिल्यांदा लिहितायत.

फवारणीचं मी पुढे लिहिते. कडुनिंबाचं तेल म्हणजे नैसर्गिक, म्हणजे कितीही आणि कधीही मारा असं लोकांना वाटतं. अंगावर ओलं पडलं तर तेही माशीला त्रास देतं. मारायचंच तर माश्या घरी गेल्यावर, सूर्य मावळल्यावर, आणि उमललेल्या फुलांवर अजिबात नाही. मी तर मावा (झाडाचा रस शोषणारी बारीक कीड) आला की आधी आठवडाभर काहीच करत नाही. पहिल्यांदा केलं तेव्हा जीव वर-खाली होत होता, चवळीचा शेंडा काळा ठिक्कर झालेला. चौथ्या-पाचव्या दिवशी बघते तर माव्याच्या गर्दीत एक अर्धपारदर्शक, डोकं नसल्यासारखी दिसणारी अळी, एकेका माव्याला तोंडाने उचलून हवेत धरायची आणि शोषून टाकायची, रिकामी कातडी बाजूला. भिंग घेऊन अर्धा तास बघत बसले होते, स्वयंपाक राहिला. ती सिरफिड माशीची अळी. मोठी झाली की हीच माशी मधमाशीसारखे पिवळे-काळे पट्टे अंगावर घेऊन फुलांवर तरंगत असते, डंख नाही काही नाही, नुसतं सोंग. म्हणजे लहानपणी मावा खाते आणि मोठेपणी परागीभवन करते, आणखी काय पाहिजे. मी पहिल्याच दिवशी फवारलं असतं तर मावा परत आला असता, ही नसती आली.

चष्मिष

मी दुसऱ्या बाजूने लिहिते, राग मानू नका. माझ्या मुलीला मधमाशीची ॲलर्जी आहे, खरीखुरी. तिला पहिल्यांदा चावली तेव्हा पाच मिनिटांत अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले आणि श्वास लागायला लागला, आम्ही कसे दवाखान्यात पोचलो ते आमचं आम्हाला माहिती. त्यामुळे सोसायटीतले ते आई-बाबा घाबरतात म्हणून त्यांना अडाणी समजू नका.

पण मला मदत कशाने झाली ते सांगते. कुणीतरी शांतपणे बसून फरक समजावला त्याने. नुसती सूज आणि दुखणं हे सगळ्यांनाच होतं, ती ही ॲलर्जी नाही. अंगभर गांधी, घसा आवळणं, धाप, चक्कर, हे झालं तर एक मिनिट न घालवता हॉस्पिटल, आणि डॉक्टरांनी ॲड्रेनलिनचं इंजेक्शन जवळ ठेवायला सांगितलं असेल तर ते आधी. नांगी अडकली असेल तर नखाने, कार्डाने, कशानेही, पण लगेच काढायची, पद्धतीचा विचार करत बसायचं नाही कारण ती तुटल्यावरही विष आत ढकलत राहते.

दुसरं म्हणजे फुलावर बसलेली माशी सहसा चावत नाही, ती कामात असते. पोळ्याजवळ गेलं, दगड मारला, किंवा कपड्यात अडकली तर चावते. ते एकट्या राहणाऱ्या माश्यांचं मला इथेच कळलं होतं, त्यांना राखायला घरच नाही म्हणून त्या अंगावर येत नाहीत. आमच्याकडे आम्ही एवढंच ठरवलं की फुलांचे वाफे खेळायच्या जागेपासून आणि जिन्याच्या दारापासून लांब, आणि पोळं दिसलं तर आधी मला फोन, मग बाकी सगळं. माझी अट मान्य झाली तर मी का विरोध करू. मुलगी आता स्वतः लांबून भुंगे मोजते.

मातीतलेहात

@चष्मिष हे सगळ्यात कामाचं लिहिलंत.

ताई, सोसायटीच्या मीटिंगमध्ये व्याख्यान देऊ नका, मी दिलं होतं, लोक मोबाइल बघत बसले. जगातल्या अन्नपिकांच्या प्रकारांपैकी पाऊणएक कमीजास्त प्रमाणात परागीभवन करणाऱ्या जिवांवर अवलंबून आहेत वगैरे आकडे सांगितले, खरे आहेत, कुणाला काही वाटलं नाही. दुसऱ्यांदा मी एक वाकडी काकडी आणि एक सरळ काकडी घेऊन गेलो आणि टेबलावर ठेवली. मग प्रश्न सुरू झाले.

आणि मागताना छोटं मागा. आम्ही तीनच गोष्टी मागितल्या होत्या. कंपाउंडच्या कडेची दोन हात रुंद पट्टी माळ्याने सारखी कापायची नाही, तिथे जे उगवेल ते फुलू द्यायचं, आणि तिथे फरशी, खडी, प्लास्टिकचं आच्छादन काही नको, कारण बहुतेक एकट्या माश्या उघड्या जमिनीत बीळ करतात. लोक सगळीकडे पेव्हर ब्लॉक टाकतात आणि मग विचारतात माश्या गेल्या कुठे. त्या पट्टीला नीट विटांची कड करा आणि एक पाटी लावा, नाहीतर दुसऱ्याच दिवशी तक्रार येते की माळी काम करत नाही. अनुभवाने सांगतो, कड असली की लोक त्याला बाग म्हणतात, नसली की रान.

दुसरी गोष्ट, फवारणी कुणी, कशाची, कधी करणार ते दोन दिवस आधी फळ्यावर लिहायचं. डासांसाठी धूर मारतात त्यात डासांबरोबर बाकीचे पण मरतात, त्यापेक्षा साठलेलं पाणी शोधून ओतणं जास्त उपयोगाचं, त्यासाठी रविवारी मुलांची फेरी काढली, मुलांना असल्या कामात भारी उत्साह असतो.

तिसरी गोष्ट पोळ्याची. झाडावर किंवा गॅलरीत अचानक माश्यांचा घोंगडीसारखा लोंबता गठ्ठा दिसला तर ते बहुतेक वेळा पोळं नसतं, घर बदलायला निघालेल्या माश्या विसाव्याला थांबलेल्या असतात, काही तासांत नाहीतर एक-दोन दिवसांत आपोआप जातात. पोट मधाने भरलेलं, राखायला घर नाही, त्यामुळे तेव्हा त्या बऱ्यापैकी शांत असतात. तरी लांबूनच बघा. आग्या माश्या पण हंगाम संपला की पोळं सोडून निघून जातात. खरंच धोक्याच्या जागी असेल तर मारणाऱ्याला नाही, जिवंत हलवणाऱ्याला बोलवा, आणि हे काम शिकलेल्या माणसाचं आहे, धुराचा टेंभा घेऊन वॉचमनला वर चढवू नका.

गच्चीवरची_बाग

सगळ्यांचे खूप खूप आभार, इतकं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. उन्हाळवारा दादा, कडू लागलं पण ह्यांना वाचून दाखवलं, ते दोन मिनिटं गप्प बसले आणि म्हणाले बरं, पेटी रद्द. मग आता त्यांना दुसरं काहीतरी करायला द्या नाहीतर ते ड्रोन वगैरे आणतील. त्या माश्यांसाठी काड्यांचं घर करतात म्हणे, ते करता येईल का?

उन्हाळवारा

हाहा. येईल की, बांबूचं.

बांबूच्या नळ्या घ्या, आतलं भोक ३ ते १० मिलिमीटर, वेगवेगळ्या मापाच्या मिसळून, लांबी साधारण १५ सेंटिमीटर. एका बाजूला पेर आलं पाहिजे म्हणजे मागून बंद, दोन्हीकडून आरपार उघडी नळी माशी घेत नाही. तोंड पॉलिश पेपरने गुळगुळीत करा, कूस राहिली तर पंख फाटतात. दहा-पंधरा नळ्यांची जुडी पुरे, घट्ट बांधायची, वाऱ्याने हलली नाही पाहिजे, सकाळचं ऊन येईल पण पाऊस लागणार नाही अशा जागी, छातीएवढ्या उंचीवर. दुकानात मिळतात ती पाइनकोन आणि भुसा भरलेली शोभेची घरं नकोत, त्यात झुरळं राहतात. पिल्लं बाहेर पडून गेली की जुन्या नळ्या टाकून नवीन लावायच्या, तेच तेच वापरलं तर बुरशी आणि माइट होतात. आणि मोठं हॉटेल बांधू नका, एका जागी शंभर नळ्या म्हणजे परजीवी गांधीलमाश्यांना आयतं आमंत्रण.

भुंग्यासाठी वाळलेला ओंडका, फूटभर जाड असला तरी चालेल, कोपऱ्यात टाकून ठेवा. तो स्वतः पोखरेल.

आणि गुलाबाच्या पानांना कडेने नाणं पडल्यासारखे गोल गोल काप दिसले तर औषध मारू नका! ती पानकापी माशी. लांबट तुकडे नळीच्या भिंतीला लावते आणि अगदी गोल तुकडे झाकणाला. मागच्या कप्प्यांत माद्यांची अंडी, पुढच्यांत नरांची, कारण नर आधी बाहेर पडतात.

चष्मिष

फुलपाखरांचं कुणी बोललंच नाही. नुसती फुलं देऊन भागत नाही, अळ्यांना पानं लागतात, आणि प्रत्येकीची पानं ठरलेली. लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी असते ती मारू नका, तिचंच मोठं काळं-पिवळं फुलपाखरू होतं. एक झाड त्यांच्या नावाने सोडून द्यायचं. आमच्या कढीपत्त्याचे दरवर्षी खराटे होतात, परत फुटतो.

गच्चीवरची_बाग

तीन आठवड्यांनी येतेय, उशिराबद्दल सॉरी.

हाताने पराग लावलेल्या अकरा काकड्यांपैकी आठ धरल्या. मातीतलेहात काका, शेपटीवाल्या तीन आहेत, तुम्ही म्हणालात तसं माझीच घाई. फोकसला सेन्सर बसला (वीजबिल सांगूनच!!), दुधीचं रात्री नऊला जाऊन बघितलं तर एक मोठा करडा पतंग हवेतच थांबून लांब सोंड फुलात घालत होता, मी टॉर्च लावला तर पळाला, आता टॉर्चला लाल जिलेटिन लावलंय. दोन दुध्या धरल्यात.

मीटिंग झाली. कंपाउंडची पट्टी मिळाली, दोन हात मागितली होती, एकच हात मिळाली. फवारणी फळ्यावर लिहायचं ठरलं. ॲलर्जीवाल्या मुलाच्या आईला मी आधीच घरी जाऊन भेटले आणि चष्मिष ताईंचं लिहिलेलं तसंच्या तसं दाखवलं, त्या मीटिंगमध्ये काही बोलल्या नाहीत पण विरोध पण केला नाही. सेक्रेटरी मात्र म्हणाले की पुन्हा पोळं लागलं तर बघू तेव्हाचं तेव्हा, म्हणजे ते भांडण बाकी आहे. जिवंत हलवणाऱ्या माणसाचा नंबर आत्तापासून शोधून ठेवतेय.

एक प्रश्न राहिला. ह्यांनी लावलेल्या नळ्यांपैकी दोन बंद झाल्यात, पण पानांनी नाही, मातीने, एकदम गुळगुळीत लिंपल्यासारखं. ही कोण? घरात सगळे सारखे जाऊन बघतायत.

उन्हाळवारा

गवंडी माशी (मातीने लिंपणारी एकटी मधमाशी) असेल किंवा मातीचं घर करणारी एकटी गांधीलमाशी, नुसत्या झाकणावरून छातीठोक सांगता येत नाही. गांधीलमाशी असली तरी राहू द्या, ती आत अळ्या नाहीतर कोळी भरून ठेवते पिल्लांसाठी. नळी उपटून आत डोकावू नका, ह्यांना सांगा. सकाळी ऊन आलं की लांब बसून तिसरी नळी कोण बंद करतंय ते बघायचं, पायाला किंवा पोटाखाली पिवळी पावडर दिसली तर गवंडी माशी.